पाठ पाहून अंथरूण घ्यावे



ऊसबिलाचा हप्ता खात्यावर जमा झाला की घरोघर खरेदीचे बेत सुरू होतात. लग्नकार्य, घराची डागडुजी, मुलांची फी, आणि हल्ली त्यात नवी गादीही असते. कंबर धरते, सकाळी उठवत नाही, अशी तक्रार घरात कोणाची ना कोणाची असतेच. मग दुकानात जायचे, हाताने दाबून बघायचे आणि दुकानदार म्हणेल ती भारी गादी घेऊन यायचे. चार महिन्यांनी पाहावे तर कंबर तशीच! पैसे मात्र गेले. बियाणे घेताना आपण जमीन पाहतो, मग गादी घेताना झोपणाऱ्याची पाठ नको का पाहायला?

आधी झोपण्याची सवय ओळखा

माणूस रात्रभर एकाच अंगावर झोपत नाही, कूस बदलतच असतो. तरी रात्रीचा बराच वेळ कोणत्या तऱ्हेने जातो हे घरच्या माणसांना ठाऊक असते. त्यांनाच विचारावे. मुख्य तऱ्हा तीन: कुशीवर, उताणे आणि पालथे.

कुशीवर झोपणाऱ्याचा भार खांदा आणि खुबा या दोन ठिकाणी येतो. गादी दगडासारखी कडक असेल तर ही दोन हाडे दुखतात, हाताला मुंग्या येतात आणि कंबर मध्येच लोंबकळते. अशा माणसाला थोडी मऊ, खांदा-खुबा जरासा आत घेणारी गादी मानवते. उशी मान आणि खांदा यांच्यामधली जागा भरेल इतकी उंच हवी. दोन गुडघ्यांमध्ये एक लहान उशी ठेवली तर कंबरेला आराम पडतो.

उताणे झोपणाऱ्याला मध्यम कडक गादी बरी. उशी पातळ असावी. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली उशी किंवा गुंडाळलेली चादर घ्यावी.

पालथे झोपणाऱ्याचे पोट मऊ गादीत रुतते, कंबर वाकते, आणि मान रात्रभर एका बाजूला वळलेली राहते. त्याला कडक गादी हवी, उशी अगदी पातळ किंवा नकोच. जमल्यास ही सवय हळूहळू सोडावी हे उत्तम.

अंगाने भारी माणूस गादीत जास्त रुततो, म्हणून त्याला थोडी जास्त कडक आणि जाड गादी लागते. नवरा-बायकोच्या वजनात फार फरक असेल तर एका मोठ्या गादीऐवजी शेजारी शेजारी दोन गाद्या घालण्यात काही कमीपणा नाही.

‘कडक तितकी चांगली’ हा समज

पाठ दुखते म्हटले की फळीवर झोप, असे सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पूर्वी डॉक्टर मंडळीही तसेच सांगत. सन 2003 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील एक पाहणी प्रसिद्ध झाली. जुनी कंबरदुखी असलेल्या 313 माणसांपैकी काहींना कडक तर काहींना मध्यम कडक गाद्या देऊन 90 दिवसांनी तपासले. मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडल्याचे आढळले. म्हणजे फार मऊ नको, तशीच फार कडकही नको. गादीवर ‘ऑर्थोपेडिक’ असे छापले म्हणून ती आपल्या पाठीला मानवेलच असे नाही.

कोणत्या मालाची घ्यावी?

कापसाची गादी आपल्या ओळखीची. ती उन्हात घालता येते, पुन्हा पिंजून भरता येते, उन्हाळ्यात तापत नाही. मात्र वर्षा-दोन वर्षांत कापूस दबून गोळे होतात, मध्ये खळगा पडतो. पिंजून घेण्याचा आळस केला की कंबर धरलीच समजा.

काथ्याची गादी नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक बसवून करतात. ती कडक असते आणि हवा खेळती राहते. उताणे आणि पालथे झोपणाऱ्यांना ती चालते. कुशीवर झोपणाऱ्याने वर कापसाची पातळ गादी घालावी.

फोमच्या गादीत फसगत फार. ‘32 डेन्सिटी’ म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन 32 किलो. हा आकडा टिकाऊपणाचा अंदाज देतो, कडकपणाचा नव्हे. आपण काट्याचे महत्त्व जाणणारी माणसे, तेव्हा इथेही काटा वापरावा. 6 फूट लांब, 3 फूट रुंद व 4 इंच जाड फोमचे, खोळ काढून, वजन सुमारे साडेपाच किलो भरले पाहिजे. साडेतीन किलोच भरले तर तो माल 20 डेन्सिटीचा आहे आणि लवकर बसणार. फोम कडक उन्हात तासन् तास ठेवू नये, तो पिवळा पडून कुसकरतो. सावलीत वारा द्यावा.

घेण्यापूर्वी

दुकानात गादी हाताने दाबून काही कळत नाही. आपल्या नेहमीच्या तऱ्हेने दहा-पंधरा मिनिटे पडून पाहावे, लाजू नये. उताणे पडून कंबरेखाली हात सारावा. हात सहज आरपार गेला तर गादी कडक, मुळीच शिरेना तर मऊ. कुशीवर पडल्यावर घरच्या माणसाने मागून पाहावे, मानेपासून माकडहाडापर्यंत कणा सरळ रेषेत दिसला पाहिजे. आणि घरी खाट किंवा बाज झोळीसारखी झाली असेल तर चांगली गादीही तशीच वाकणार. आधी नवार, सुंभ आवळून घ्यावे किंवा फळी टाकावी.

यांची काळजी वेगळी

तान्ह्या बाळाला सपाट, घट्ट अंथरुणावर उताणेच झोपवावे. मऊ गादी किंवा मोहरीची उशी नको, श्वास कोंडण्याचा धोका असतो. गरोदर बाईने शेवटच्या तीन महिन्यांत कुशीवर झोपावे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला हवेची गादी घ्यावी, पण गादी आणली म्हणजे काम झाले असे नाही. साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावीच लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गादी हे औषध नव्हे. कंबरेची कळ पायात उतरत असेल, पाय बधिर होत असेल, दुखण्याबरोबर ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, तर गादीचे दुकान नको, दवाखाना गाठावा. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला तर एक दिवसही थांबू नये. दिवसभर उसात वाकून किंवा पाळीवर उभे राहून जी पाठ घर चालवते, तिचा रात्रीचा विसावा नीट पारखूनच घ्यावा.