राजेशाही म्हणजे काय?

गोष्टीत आपण ऐकतो, ‘एक होता राजा.’ पण तो राजा झाला कसा, हे गोष्टीत कोणी सांगत नाही. आज आम्ही तेच सांगणार आहोत.

एकच माणूस सगळ्या राज्याचा धनी असतो. त्याच्यामागे त्याचा मुलगा किंवा वारस गादीवर बसतो. अशा कारभाराला राजेशाही म्हणतात. राजाला लोक निवडून देत नाहीत. तो राजघराण्यात जन्मतो, नाहीतर दत्तक येतो. जुन्या काळी कायदा करणारा राजा, न्याय देणारा राजा आणि शेतसारा ठरवणाराही राजाच. प्रधान असत, कारभारी असत. पण शेवटचा शब्द राजाचा.

मग राजेशाही वाईटच म्हणायची का? तसे नाही. कोल्हापूरचे शाहू महाराज पाहा. १८८४ साली ते दत्तक आले, तेव्हा नऊ वर्षांचे होते. मोठेपणी त्यांनी रयतेसाठी पुष्कळ केले. १९०२ साली त्यांनी हुकूम काढला, की संस्थानातल्या रिकाम्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या समाजांना द्याव्यात. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. राधानगरीचे धरणही त्यांनीच सुरू केले. आजही त्या पाण्यावर शेते भिजतात.

पण सगळेच राजे असे निघत नाहीत. चांगला राजा मिळाला तर रयतेचे नशीब. वाईट मिळाला तर गाऱ्हाणे न्यायचे कोणाकडे? ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच न्यायाधीश! आणि त्याला बदलायची सोय नाही.

दुसरी अडचण वारसाची. १८४८ साली साताऱ्याचे राजे वारले. त्यांना मुलगा नव्हता. त्यांनी घेतलेले दत्तक इंग्रजांनी मानले नाही आणि राज्य खालसा केले. गावोगावच्या रयतेला कोणी विचारलेसुद्धा नाही. राजेशाहीत राज्य पाळण्याला टांगलेले असते, ते असे.

काही राजांनी वेगळी वाट धरली. सातारा भागात औंध नावाचे लहानसे संस्थान होते. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी. १९३९ साली त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने संस्थानाला राज्यघटना दिली आणि सत्ता लोकांच्या हाती सोपवली. लोकांनी आपले पंच निवडायचे आणि पंचायतीने गावचा कारभार पाहायचा, असे ठरले. राजाने आपण होऊन अधिकार सोडावा, ही काही लहान गोष्ट नव्हे.

आज जगात राजे आहेत का? आहेत. पण सगळ्यांचा अधिकार सारखा नाही. इंग्लंडात राजा आहे, जपानात सम्राट आहे. ते मानाचे धनी. कारभार मात्र लोकांनी निवडलेले प्रतिनिधी पाहतात. सौदी अरबस्तानात अजून खरी सत्ता राजघराण्याच्याच हाती आहे. आपल्या शेजारच्या नेपाळने २००८ साली राजेशाही बंद केली.

आपल्या देशातही १९४७ साली साडेपाचशेवर संस्थाने होती. ती भारतात सामील झाली. १९४८ साली औंध विलीन झाले, १९४९ साली कोल्हापूर. २६ जानेवारी १९५० रोजी आपली राज्यघटना लागू झाली. राजांना सरकारातून तनखा मिळे, तोही १९७१ साली बंद झाला.

आता राजा आणि रयत हे नाते संपले. शाहू महाराजांनी शाळा दिली, ती त्यांची थोरवी. आज मुलाला शाळा मिळते, ती कोणाची मेहेरबानी नव्हे. तो त्याचा हक्क आहे. हा फरक नीट ध्यानात घ्या. तरीही काही गावांत माणसे सरपंचापुढे हात जोडून उभी राहतात, जणू तोच गावचा राजा! अहो, त्याला आपणच निवडले ना? मग भ्यायचे कशाला?

आता तुम्हाला वाचता येते. ग्रामसभेला जा. पंचायतीचा जमाखर्च मागून घ्या आणि स्वतः वाचा. पैसा कुठून आला, कुठे गेला, ते विचारा. काम चोख असेल तर शाबासकी द्या. नसेल तर पुढच्या निवडणुकीत दुसरा माणूस निवडा. राजाच्या रयतेला हे करता येत नव्हते. तुम्हाला येते.