काकडीवरचं जवसाचं तेल

सॅलडचं ड्रेसिंग म्हटलं की ऑलिव्हचं तेल, व्हिनेगर आणि दुकानातली महागडी बाटली, असा एक समज आहे. आरमोरी किंवा ब्रह्मपुरीच्या बाजारातून काकडी, टमाटर, सांबार (कोथिंबीर) आणणाऱ्या घराला यातलं काहीच लागत नाही. लागतं ते कच्चं चांगलं लागणारं तेल, काहीतरी आंबट आणि मीठ. आंबटाला लिंबू पुरे, नसेल तर चिंचेचा कोळ. (माडिया घरांत लाल मुंग्यांची चटणी होते. तिचा आंबटपणा मुंग्यांमधल्या फॉर्मिक आम्लाचा. तो प्रयोग मात्र जाणकारांवर सोपवू.)

‘जवसाचं तेल लाकडाला लावायचं, खायचं नाही.’ हा गैरसमज अर्धा खरा, म्हणून जास्त घोटाळ्याचा. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘बॉइल्ड’ जवसाचं तेल लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. ते खायचं नाहीच. घाणीचं खाद्य तेल वेगळं. झाडीपट्टीत धान उभं असतानाच बांधीत जवस फेकतात, उरलेल्या ओलीवर पीक येतं, आणि विदर्भात हे तेल पिढ्यानपिढ्या जेवणात आहे. त्यातली निम्म्याहून अधिक स्निग्धाम्लं ओमेगा-३ प्रकारची असतात. पण ज्या गुणाने हे तेल लाकडावर वाळतं, त्याच गुणाने ते हवेत लवकर खवटही होतं. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा ओट्यावरची बाटली किती टिकणार? छोटी गडद बाटली घ्यावी, फ्रीजमध्ये ठेवावी आणि तेल कच्चंच वापरावं. कडवट लागलं तर टाकून द्यावं. मोहाच्या बियांचं तेल मात्र इथे कामाचं नाही. थंडीत ते तुपासारखं गोठतं.

‘तेल आणि लिंबू एकजीव होतच नाहीत.’ आपणहून होत नाहीत, हे खरं. पण आपल्याकडे फेसलेली मोहरी आहे! मोहरीच्या टरफलातला चिकट अंश तेलाचे बारीक थेंब अडवून धरतो. एक लहान चमचा मोहरीची पूड गार पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवा, मगच लिंबू पिळा. झणका पाण्यात तयार होतो. आंबट आधी पडलं की तो नीट उतरत नाही. मीठ तेलात विरघळत नाही, म्हणून तेही लिंबाच्या रसातच. मग एका लिंबाच्या रसाला साधारण दुप्पट तेल, थेंबाथेंबाने, फेसत फेसत. तेल घाईने ओतलं की मिश्रण फुटतं. तसं झालंच तर झाकणाच्या बाटलीत घालून हलवायचं आणि लगेच वाढायचं.

‘वजन कमी करायचंय, तेल नकोच.’ गाजर-टमाटरातली कॅरोटिनॉइड्स अंगी लागायला थोडी चरबी लागते. तेलाशिवायच्या सॅलडमधून ती जवळपास शोषलीच जात नाहीत, असं २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. माणशी एक-दोन चमचे पुरेत.

‘ड्रेसिंगमध्ये साखरेऐवजी जंगलातला मध, म्हणजे कितीही चालतो.’ मधही बहुतांश साखरच. मधुमेह असेल तर तो मोजूनच. वर्षाखालच्या बाळाला तर अजिबात नाही, बोट चाटवायलाही नाही.

आणि लसूण. कच्चा लसूण घातलेलं तेल फडताळात ठेवू नये, त्यात बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. लसूण ऐनवेळी ठेचावा.