हृदयाची वाट मोकळी होते

तुमच्या उजव्या हाताची मूठ मिटा आणि तिच्याकडे पाहा. जवळजवळ तेवढाच आकार तुमच्या हृदयाचा. आता मूठ उघडा, पुन्हा मिटा. मिनिटाला सत्तर वेळा या वेगाने हे किती वेळ जमते ते बघा. थोड्याच मिनिटांत हात भरून येईल. हृदयाचा स्नायू मात्र दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतो, आणि तेही तुमच्या जन्माच्या आधीपासून, एका दिवसाचीही रजा न घेता!

एवढे राबणाऱ्याला खुराकही तसाच लागतो. प्रौढ माणसाचे हृदय साधारण ३०० ग्रॅम भरते, म्हणजे शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्काही नाही. पण विश्रांतीच्या वेळी मिनिटाला जे सुमारे पाच लिटर रक्त शरीरात फिरते, त्यातले पाव लिटर हृदय स्वतःसाठी घेते. येथे एक गंमत आहे. हृदयाचे कप्पे सतत रक्ताने भरलेले असतात, तरी त्या रक्तावर हृदयाच्या जाड भिंतीचे पोट भरत नाही. मोट ओढणारा बैल विहिरीतले पाणी काढतो खरा, पण त्याची स्वतःची तहान भागायची तर पाणी त्याच्यापुढच्या डोणीत यावे लागते. हृदयासाठी ही डोणी भरण्याचे काम दोन हृद्‌रोहिण्या करतात. हृदयातून महारोहिणी बाहेर पडते न पडते तोच तिला या दोन शाखा फुटतात. हृदयाच्या बाहेरच्या अंगावर त्या फांद्यांसारख्या पसरतात आणि शेवटी स्नायूत शिरतात. सुरुवातीला त्यांची रुंदी असते जेमतेम तीन ते चार मिलिमीटर. सरबत प्यायची नळीसुद्धा त्यापेक्षा रुंद असते!

या दोन बारीक वाटा बंद का पडतात, आणि त्या मोकळ्या करायला माणूस कसा शिकला, ते आज पाहू.

नळी अरुंद कशी होते?

रोहिणीच्या आतल्या अस्तराखाली कोलेस्टेरॉलसारखे मेदद्रव्य साठू लागते. त्याभोवती पेशी व तंतू जमतात आणि एक गाठ तयार होते. हा म्हातारपणाचा रोग, असे तुम्ही म्हणाल. तसे नाही. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ साली प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय २२ होते, तरी तीन-चतुर्थांशाहून अधिक जणांच्या हृद्‌रोहिण्यांत या रोगाच्या खुणा सापडल्या.

मग हा रोग इतकी वर्षे कळत का नाही? नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा एक नियम आहे. दाब तोच ठेवला तर प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह निम्मा नव्हे, तर एक-सोळांश उरतो! पण शरीर चतुर असते. वरची वाट अरुंद झाली तर खालच्या सूक्ष्म वाहिन्या रुंदावतात आणि तूट भरून काढतात. त्यामुळे बसल्या जागी काहीच जाणवत नाही. जिना चढताना मात्र छाती भरून येते. पुढे एखाद्या दिवशी गाठीवरचे पातळ आवरण फाटते. शरीराला वाटते, जखम झाली. तेथे रक्ताची गुठळी धरते आणि उरलीसुरली वाट बंद होते. हाच हृदयविकाराचा झटका.

एका डॉक्टरचे धाडस

बंद नळी उघडायची तर आधी तेथवर पोहोचले पाहिजे. धडधडणाऱ्या हृदयाला हात लावणे म्हणजे मृत्यू, अशी एके काळी डॉक्टरांची समजूत होती. १९२९ साली जर्मनीत बर्लिनजवळच्या एबर्सवाल्ड गावच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान नावाचा पंचविशीतला डॉक्टर काम करीत होता. हाताच्या नीलेतून एक लवचिक नळी सरकवत नेली तर ती रक्ताच्या प्रवाहाबरोबर हृदयात पोहोचेल, अशी त्याची खात्री होती. वरिष्ठांनी परवानगी साफ नाकारली.

उपकरणांच्या कपाटाची किल्ली एका परिचारिकेकडे होती. फोर्समानने तिला आपली कल्पना पटवून दिली. तेव्हा ती म्हणाली, प्रयोग माझ्यावरच करा. त्याने तिला टेबलावर बांधले आणि तिच्या नकळत स्वतःच्याच कोपरापाशी छेद घेऊन नळी आत सरकवली! परिचारिकेला सोडवून, दंडात नळी तशीच ठेवून, दोघे जिना उतरून क्ष-किरण विभागात गेले. तेथे पडद्यावर पाहत पाहत त्याने नळी ६५ सेंटिमीटर आत नेली. क्ष-किरण चित्रात तिचे टोक हृदयाच्या उजव्या कर्णिकेत स्पष्ट दिसले.

कौतुक तर दूरच, पुढे बर्लिनच्या मोठ्या रुग्णालयातली जागाही त्याच्या हातून गेली. तो मूत्रविकारांचा डॉक्टर झाला. इकडे न्यूयॉर्कमध्ये कूर्नां आणि रिचर्ड्‌स या शास्त्रज्ञांनी त्याच नळीने हृदयातला दाब व रक्तप्रवाह मोजण्याचे शास्त्र उभे केले. १९५६ साली तिघांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले. विद्यार्थी मित्रहो, फोर्समानची कल्पना घ्या, त्याची पद्धत मात्र घेऊ नका. स्वतःच्या शरीरावर असे प्रयोग करणे जिवावर बेतते.

चुकून लागलेला शोध

फोर्समानची नळी नीलेतून हृदयाच्या उजव्या बाजूला गेली. हृद्‌रोहिण्या फुटतात त्या महारोहिणीतून. म्हणून तेथे जायचे तर रोहिणीतून, प्रवाहाच्या उलट जावे लागते. क्ष-किरणांत रक्त वेगळे दिसत नाही, त्यासाठी विशेष रंगद्रव्य टोचावे लागते. हे द्रव्य थेट हृद्‌रोहिणीत गेले तर हृदय बंद पडेल, अशी सर्वांना धास्ती होती.

१९५८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. मेसन सोन्स एका रुग्णाच्या महारोहिणीचे चित्र घेत होते. नळीचे टोक घसरून उजव्या हृद्‌रोहिणीत शिरले आणि रंगद्रव्य तेथेच सुटले. रुग्णाचे हृदय काही क्षण थांबलेदेखील. सोन्स यांनी त्याला जोराने खोकायला सांगितले. तो खोकला, आणि हृदय पुन्हा चालू झाले! भीती होती तेवढा धोका नाही, हे सोन्स यांनी ओळखले. कमी प्रमाणात, जपून रंगद्रव्य सोडण्याची रीत त्यांनी बसवली. आज आपण जिला अँजिओग्राफी म्हणतो ती हीच. वाट कोठे अरुंद झाली आहे ते आता डोळ्यांनी दिसू लागले.

दिसली, मग उघडता का येऊ नये? झुरिकचे डॉ. आंद्रेआस ग्रुन्झिग यांनी नळीच्या टोकाशी लहानसा लांबट फुगा बसवला. असे फुगे ते घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवत. १६ सप्टेंबर १९७७ रोजी एका ३८ वर्षांच्या रुग्णाच्या हृद्‌रोहिणीत त्यांनी फुगा नेला, अरुंद जागी फुगवला, पुन्हा मिटवून बाहेर काढला. वाट मोकळी झाली. दहा वर्षांनी तपासले तेव्हाही ती मोकळीच होती.

सर्वांच्या बाबतीत असे घडेना. कित्येकांची रोहिणी काही महिन्यांत पुन्हा आक्रसत असे. म्हणून १९८६ साली फ्रान्स व स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी धातूच्या जाळीची बारीक नळी, म्हणजे स्टेंट, आत बसवला. विहिरीचे कडे ढासळू नये म्हणून आपण आतून बांधकाम करतो, तसेच हे. जाळीभोवती पेशींची वाढ होऊन पुन्हा अडथळा होई, तेव्हा जाळीवर औषधाचा लेप देण्यात आला. अशा सुरुवातीच्या स्टेंटवर वापरलेले सिरोलिमस हे औषध मुळात पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटाच्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून मिळाले होते. कोठली माती आणि कोठले हृदय! स्टेंटची किंमत आपल्याकडे फार होती. भारत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये तिच्यावर कमाल मर्यादा घातली.

आधी गुठळी की आधी झटका?

ऐन झटक्यात काय करायचे, हा प्रश्न मात्र वेगळा होता. गुठळीमुळे झटका येतो की झटक्यानंतर गुठळी धरते, यावर डॉक्टरांत बरीच वर्षे वाद होता. १९८० साली अमेरिकेतील स्पोकेन शहरात डॉ. डीवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झटका येऊन चार तास व्हायच्या आत १२६ रुग्णांची अँजिओग्राफी केली. त्यांतील ११० जणांची रोहिणी पूर्ण बंद होती. बारा ते चोवीस तासांनी तपासलेल्यांत हे प्रमाण कमी आढळले. म्हणजे गुठळी सुरुवातीलाच होती. मग ती लवकर विरघळवली तर?

गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज हे द्रव्य जिवाणूंपासून मिळते, हे १९३३ पासून ठाऊक होते. त्याची मोठी कसोटी १९८८ साली जाहीर झाली. अनेक देशांतील ४१७ रुग्णालयांतले १७,१८७ रुग्ण तीत होते. ज्यांना ते इंजेक्शन किंवा अॅस्पिरिन यांपैकी काहीच मिळाले नाही, त्यांतील शंभरामागे सुमारे १३ जण पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने दगावले. ज्यांना दोन्ही मिळाली, त्यांत शंभरामागे ८. शंभरातले पाच जीव वाचले, आणि त्यात अॅस्पिरिनसारख्या स्वस्त गोळीचा मोठा वाटा होता!

खरी शर्यत घड्याळाशी

गुठळीने वाट अडली की साधारण अर्ध्या तासाच्या सुमारास स्नायूच्या पेशी मरू लागतात. आधी आतला थर, मग हळूहळू बाहेरचा. काही तासांत नुकसान पुरे होते. मेलेला स्नायू पुन्हा तयार होत नाही, त्या जागी व्रण राहतो. म्हणून फुगा आणि स्टेंट वापरून वाट उघडण्याची सोय दोन तासांच्या आत मिळणार असेल तर तो उपाय उत्तम. रुग्ण दूरच्या गावी असेल तर जवळच्या रुग्णालयात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी द्यावे आणि मग मोठ्या रुग्णालयात न्यावे, अशी आजची रीत आहे.

परंतु घरातच वेळ गेला तर? छातीत जडपणा, कळ डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणे, दरदरून घाम, धाप अशी लक्षणे दिसली की आपल्याकडे पहिले उद्गार असतात, "पित्त झालं असेल, थोडा सोडा घ्या." स्त्रियांत आणि मधुमेहींत तर कधी नुसती धाप, मळमळ किंवा गळून गेल्यासारखे वाटणे एवढेच दिसते. नऊ दशकांच्या संशोधनाचे फळ सोड्याच्या पेल्यापाशी अडून राहते! अशा वेळी वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

झटक्यानंतर

पूर्वी रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणावरून हलू देत नसत. १९५२ साली बॉस्टनच्या डॉ. लेव्हिन आणि डॉ. लाउन यांनी रुग्णांना लवकर खुर्चीत बसवून पाहिले, आणि ते अधिक बरे राहतात असे दाखवले. आज गुंतागुंत नसेल तर रुग्ण एक-दोन दिवसांत चालू लागतो. पुढे देखरेखीखाली व्यायाम, नियमित गोळ्या आणि आहाराचा सल्ला हा उपचाराचाच भाग असतो. स्टेंट बसला म्हणजे रोग गेला असे नाही. एक जागा मोकळी झाली, रोहिणीची प्रवृत्ती तीच राहते. २००४ साली ५२ देशांतील पाहणीतून दिसले की जगातील बहुतेक झटक्यांच्या मुळाशी नऊच गोष्टी असतात. तंबाखू, बिघडलेले मेदप्रमाण, रक्तदाब आणि मधुमेह त्यांत प्रमुख आहेत. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षे आधी येतो, हेही त्याच पाहणीत आढळले.

रुग्णाला औषधाइतकीच सोबत लागते. पुन्हा झटका येईल या भीतीने माणूस घरात कोंडून घेतो. आजोबांबरोबर रोज संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढे चालायला जाणे, त्यांच्या गोळ्यांची वेळ लक्षात ठेवणे, घरात तंबाखूची पुडी येऊ न देणे, ही कामे तुम्हाला सहज करता येतील.

तुमचे दोन हात

झटक्यात कधी कधी हृदयाची लय बिघडून ते एकदम बंद पडते. माणूस कोसळतो, हाकेला उत्तर देत नाही, त्याचा श्वास नीट चालत नाही. अशा वेळी रुग्णवाहिका येईपर्यंत छाती दाबून मेंदूकडे रक्त पोहोचवता येते, हे १९६० साली बाल्टिमोर येथील कावनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी दाखवले. एका तळहाताचा मागचा भाग छातीच्या मधोमध ठेवायचा, दुसरा हात त्यावर, कोपर ताठ. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबायचे, आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. याचा सराव पुतळ्यावरच करावा, धडधाकट मित्रावर कधीही नाही.

हे मुलांचे काम नव्हे, असे वाटते? डेन्मार्कने २००५ साली हे शिक्षण शाळांत सक्तीचे केले, शिवाय इतरही उपाय योजले. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या रुग्णांपैकी ज्यांना जवळच्या माणसांनी अशी मदत दिली, त्यांचे प्रमाण २००१ साली शंभरात २१ होते, ते २०१० पर्यंत ४५ झाले. एक महिन्यानंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण शंभरात साडेतीनवरून जवळजवळ अकरावर गेले.

तुमच्या शाळेत विज्ञान मंडळ असेल, शारीरिक शिक्षणाचा तास तर असतोच. आपल्या सरांना किंवा बाईंना सांगून जवळच्या रुग्णालयातील डॉक्टरांना एक दिवस बोलवा. पुतळा आणायला सांगा आणि वर्गातील प्रत्येकाने स्वतः दाबून पाहा. मूठ मिटून-उघडून हृदयाचे कष्ट तुम्ही अनुभवलेच आहेत. ते थांबले तर त्याचे काम थोडा वेळ आपल्या हातांनी कसे चालवायचे, तेही शिकून घ्या.