मानवतचे दहा खून : कोर्टातले आणि पडद्यावरचे

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजार पाहून झाला की रात्री पाय आपोआप तमाशाच्या तंबूकडे वळतात. (हे गाव आता नंदुरबार जिल्ह्यात असले तरी १९९८ पर्यंत आपल्या धुळ्यातच होते.) तिथल्या वगात खून झाला, तर शेवटच्या प्रवेशात खुनी सापडतोच आणि माणसे निश्चिंत मनाने घरी जातात. खऱ्या खुनाचा खेळ केला की मात्र पंचाईत होते. ती कशी, ते मानवतच्या गोष्टीवरून पाहा.

मानवत हे परभणी जिल्ह्यातले कापसाच्या बाजाराचे गाव. १९७२ चा दुष्काळ तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथे खून सुरू झाले, ते १९७४ च्या जानेवारीपर्यंत चालले. दहा जीव गेले. त्यांत दहा वर्षांच्या आसपासच्या पाच मुली, पस्तिशीच्या चार बाया आणि एक तान्हे लेकरू. बायामाणसे एकटीदुकटी शेतात जाईनाशी झाली. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी हे पोलीस अधिकारी तपासाला आले. पोलिसांचे म्हणणे असे पडले, की वाड्यातल्या पिंपळाखाली गुप्तधन आहे, त्यावरचा मुंज्या रक्त मागतो, आणि वाड्याच्या मालकाने व त्याच्या सोबतच्या पारधी बाईने हे घडवून आणले. बाईला मूलही हवे होते.

पिंपळ, मुंज्या, पुरलेला हंडा! यातले आपल्याला अनोळखी काय आहे? म्हणून तर ही गोष्ट चटकन पटते.

कोर्टाला मात्र पटण्यापेक्षा पुरावा लागतो. खटल्याचा मोठा भार माफीच्या साक्षीदारांवर होता, म्हणजे जे स्वतः गुन्ह्यात होते त्यांच्या बोलण्यावर. अशा साक्षीला दुसरीकडून बळकटी लागते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. काही साथीदारांना शिक्षा झाल्या, पण ज्यांना सूत्रधार म्हटले गेले ते दोघेही सुटले.

पुढे १९८१ मध्ये अमोल पालेकरांनी या प्रकरणावरून ‘आक्रीत’ हा चित्रपट काढला. दिग्दर्शक म्हणून तो त्यांचा पहिलाच. कथा-पटकथा विजय तेंडुलकरांची. ‘छोटीसी बात’मधला लाजराबुजरा पालेकर इथे हावरट, निर्दय पुढारी होऊन समोर येतो, त्याच्या बाईच्या भूमिकेत चित्रा पालेकर आहेत. तेंडुलकरांनी ‘सामना’ही लिहिला होता, गावातली सत्ता कशी चालते हे त्यांना नेमके ठाऊक. चित्रपटात माणसांची नावे बदललेली आहेत, आणि मला तो शहाणपणा वाटतो. त्यामुळे पडद्यावरचा माणूस खुशाल खुनी ठरवता येतो, कोर्टाने सोडलेल्या माणसाला बोट लागत नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात सोनी लिव्हवर ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली. आशिष बेंडे यांचे दिग्दर्शन, आधार कुलकर्णींच्याच आठवणींच्या पुस्तकाचा. आशुतोष गोवारीकर कुलकर्णी झाले आहेत. मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर यांची कामे आहेत. अनासपुऱ्यांना हसवताना पाहिलेल्यांना धक्काच बसेल. पण इथे नावे खरी आहेत. तपास करणाऱ्याच्या डोळ्यांनी सांगितलेली गोष्ट त्याच्या निष्कर्षाकडेच जाणार, त्यात मालिकेचा दोष नाही. पाहणाऱ्याने निकालही लक्षात ठेवायला हवा.

पारधी बाईबद्दल तर अधिकच. इंग्रजांनी या जमातीवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो कायदा १९५२ मध्ये गेला तरी शिक्का पुसला नाही. सातपुड्याच्या पायथ्याला बाईला डाकीण ठरवून मारहाण होते, हेही आपण जाणतो. पडद्यावरची चेटकी मनात घेऊन उद्या कोणी पारध्यांच्या पालाकडे पाहिले, तर?

अंधश्रद्धेवरचा राग मात्र जरूर घरी आणा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी अघोरी कृत्य करणे हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. शेजारच्या शेतात रात्री खड्डा खणून लिंबू-कुंकवाची मांडणी दिसली, तर पोलीस ठाण्यात तक्रार देता येते.

मालिका पोरांच्या मोबाइलवर आहेच. त्यांच्याबरोबर बसून पाहा. रक्तपात बराच आहे, लहानग्यांना निजवून मग लावा.