ॲसिड अंगावर पडल्यास…

पहिलं औषध : पाणी. नळाखाली, पाइपने किंवा तांब्यामागून तांब्या ओतत जखम निदान २० मिनिटं धुवा. दवाखान्याची वाट त्यानंतर धरा. १०८ला फोन दुसऱ्या कुणीतरी तेवढ्यात करावा. पाणी अंगाच्या चांगल्या भागावरून वाहू देऊ नका.

कपडे, दागिने : भिजलेले कपडे, बांगड्या, घड्याळ धुता धुताच काढा. कुर्ता डोक्यावरून ओढू नका, कात्रीने कापा. नाहीतर ॲसिड चेहऱ्याला लागेल. कातडीला चिकटलेलं कापड तसंच राहू द्या. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत.

डोळा : दुखावलेला डोळा खालच्या बाजूला येईल अशी मान कलती करा, पापण्या उघड्या धरा आणि नाकाकडून बाहेर पाणी सोडा. डोळा चोळू नका.

हे लावू नका : हळद, टूथपेस्ट, तूप, बर्फ. खाण्याचा सोडाही नको; ॲसिडशी संयोग होताना उष्णता निर्माण होऊन जखम चिघळू शकते.

नंतर : स्वच्छ, कोरड्या सुती कापडाने जखम सैलसर झाका. बाटली किंवा तिच्यावरच्या लेबलचा फोटो डॉक्टरांना दाखवा. गंज काढायच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल लावावी लागते. खोल जखमेला त्वचारोपण लागू शकतं.

हक्क : ॲसिडहल्ल्यातील पीडितांवर सरकारी आणि खासगी, सर्व रुग्णालयांनी तातडीने मोफत उपचार करणं कायद्याने बंधनकारक आहे. नकार देणं हा गुन्हा आहे.