फॉरमॅट मारण्याआधी

ब्राउझर सारखा बंद पडतो अशी तक्रार कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यापुढे मांडली, की बऱ्याचदा एकच उत्तर येतं : 'फॉरमॅट मारावं लागेल.' त्याआधी घरच्या घरी एक प्रयोग झालेला असतोच. क्रोम किंवा फायरफॉक्स काढून टाकायचा आणि नव्याने इन्स्टॉल करायचा. थोडा वेळ बरा जातो आणि दुखणं परत येतं.

यात नवल काही नाही. ब्राउझर काढला तरी त्याचं प्रोफाइल, म्हणजे बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग आणि एक्स्टेन्शन, सहसा हार्ड डिस्कवर तसंच राहतं. क्रोम काढताना डेटाही पुसायला सांगितला, तरी सिंक चालू असलेल्या गुगल खात्यातून साइन इन करताच जुनी एक्स्टेन्शन पुन्हा हजर होतात. बिघाड त्यातच असेल, तर तोही त्यांच्याबरोबर परततो. म्हणून काढाकाढी करण्यापेक्षा आधी दोष शोधलेला बरा. तो बरेचदा ब्राउझरच्या बाहेरच सापडतो.

शोधाची सुरुवात एका प्रश्नापासून करावी : बंद काय पडतं, एक टॅब की अख्खा ब्राउझर? सप्टेंबर २००८मध्ये क्रोम आला तो प्रत्येक टॅबचं काम शक्यतो वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवण्याची रचना घेऊन. एक पान कोसळलं तरी बाकीची शाबूत राहावीत, हा त्यामागचा हेतू. फायरफॉक्सनेही २०१६पासून तीच वाट धरली. त्यामुळे आज एकाच साइटचा टॅब कोसळत असेल, तर संशय त्या साइटवर, एखाद्या एक्स्टेन्शनवर किंवा अपुऱ्या रॅमवर घ्यावा. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबली, की कोणता टॅब किती मेमरी खातो याची यादी समोर येते. चार जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर वीस टॅब उघडे असतील, तर उत्तर त्या यादीतच मिळतं.

पूर्ण ब्राउझरच नाहीसा होत असेल, तर एक्स्टेन्शनपासून तपासावं. क्रोमच्या इन्कॉग्निटो खिडकीत, मुद्दाम परवानगी दिली नसेल तर, एक्स्टेन्शन चालत नाहीत. फायरफॉक्सच्या मदत मेनूत यासाठी ट्रबलशूट मोड आहे. तिथे ब्राउझर सुरळीत चालला, तर सगळी एक्स्टेन्शन बंद करून एकेक चालू करत जावं. इलेक्ट्रिशियन सगळी बटणं बंद करून एकेक लावतो आणि ट्रिप करणारी लाइन पकडतो, तसंच हे. एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. एक्स्टेन्शन निर्दोष ठरली, तर नवीन प्रोफाइल तयार करून त्यात काम करून पाहावं. तिथे क्रॅश थांबला, तर जुनं प्रोफाइलच बिघडलं आहे असं समजावं.

व्हिडिओ किंवा नकाशा उघडतानाच घात होत असेल, तर संशयाची सुई ग्राफिक्सकडे वळते. ब्राउझर चित्रं रंगवण्याचं काम ग्राफिक्स चिपकडे सोपवतो. तिचा ड्रायव्हर जुना किंवा सदोष असेल, तर क्रॅश होतो. सेटिंगमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून पाहावं. फरक पडला, तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर घ्यावा.

आता बाहेरचे संशयित. गुगलने २०१७मध्ये सांगितलं होतं, की विंडोजवरच्या सुमारे दोन तृतीयांश क्रोम वापरकर्त्यांकडे अँटीव्हायरससारखं क्रोमशी संबंध येणारं दुसरं सॉफ्टवेअर असतं. आणि असं सॉफ्टवेअर क्रोममध्ये स्वतःचा कोड घुसवत असेल, तर क्रॅशची शक्यता १५ टक्क्यांनी वाढते. ऑक्टोबर २०१९मध्ये क्रोमची ७८वी आवृत्ती आली, तेव्हा सिमँटेकच्या एका सुरक्षा सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती असलेल्या कॉम्प्युटरांवर एकही पान धड उघडेना. जून २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली सेफ्टी या मुलांसाठीच्या सोयीतल्या बिघाडामुळे अनेकांचा क्रोम उघडताक्षणी मिटू लागला. दोन्ही वेळा ब्राउझर नव्याने टाकून काही साधण्यासारखं नव्हतं.

कधी दोष आणखी खाली, थेट हार्डवेअरमध्ये असतो. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये व्होल्टेजशी निगडित दोष असल्याचं कंपनीने २०२४मध्ये मान्य केलं आणि त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पुढच्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेची लाट आली, तेव्हा अशा मशीनवरून येणारे फायरफॉक्सचे क्रॅश रिपोर्ट वाढल्याचं मोझिलाच्या एका इंजिनिअरने नोंदवलं. एप्रिल-मेमधल्या नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हात पंख्यात धूळ साचलेला कॉम्प्युटर चालवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. ब्राउझरबरोबर इतर प्रोग्रॅमही विनाकारण बंद पडत असतील, तर आतली धूळ काढावी आणि विंडोजमधली मेमरी डायग्नोस्टिक चाचणी चालवून रॅम तपासावी.

आणि कधी घरात काहीच बिघडलेलं नसतं. १३ जानेवारी २०२२ रोजी जगभरातले फायरफॉक्स अचानक गोठले. एका क्लाउड सेवेने केलेल्या बदलामुळे फायरफॉक्सच्या नेटवर्क कोडमधली एक सुप्त चूक जागी झाली आणि तो न संपणाऱ्या फेऱ्यात अडकला. अशा वेळी इतरांनाही हाच त्रास होतो आहे का, एवढं विचारून थोडं थांबणं हाच उपाय.

अपडेट मात्र टाळू नयेत. विंडोज ७ आणि ८.१वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. फेब्रुवारी २०२३नंतरच्या नव्या आवृत्त्या तिथे चालतच नाहीत. अपडेट करायचं ते ब्राउझरच्या स्वतःच्या मेनूतूनच. 'तुमचा ब्राउझर खराब झाला आहे, या नंबरवर फोन करा' असं ओरडणारी पाटी स्क्रीनवर आली, तर फोन करू नये, कुणालाही कॉम्प्युटरचा ताबा देऊ नये. त्या फंदात पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.