माल्ट व्हिस्कीची पारख

हिंगोली जिल्ह्यांतील वसमतच्या बाजारांत हळदीची रास पडली म्हणजे अनुभवी व्यापारी एक हळकुंड उचलतो, तें मोडून आंतला रंग पाहतो आणि नाकाशीं नेतो. भाव बोलणें मागाहून. सिंगल माल्ट व्हिस्कीची पारखही नाकानेंच व्हावयाची; परंतु हळदीच्या राशीवर लेबल नसतें, बाटलीवर तें असतें, आणि पुष्कळांची पारख तेथेंच संपते.

‘माल्ट’ म्हणजे मोड आणून वाळविलेलें धान्य. येथें तें केवळ सातू. ‘सिंगल’ याचा अर्थ एकाच भट्टीचा माल, एकाच पिंपाचा नव्हे. आपल्याकडे व्हिस्की म्हणून खपणारा बराचसा माल उसाच्या मळीच्या मद्यार्कावर उभा आहे, आणि युरोपीय संघाचा कायदा अशा मालाला ‘व्हिस्की’ हें नांवच लावूं देत नाहीं.

मराठींत ‘पहिल्या धारेची’ हें शब्द तारिफेचे आहेत. व्हिस्कीचा जाणता कारागीर मात्र तांब्याच्या भांड्यांतून येणारी पहिली धार वेगळी काढतो, कारण तिच्यांत झोंबऱ्या वासाचीं, अपायकारक द्रव्यें अधिक. शेवटची धार ओशट, तीही वेगळी. मधली तेवढी ओकच्या पिंपांत जाते. कोठें थांबावें हा निर्णय चुकला तर पुढें वर्षानुवर्षें पिंपांत ठेवूनही तो दोष पुरता झांकत नाहीं.

आतां वयाचा प्रश्न, ज्यापायीं पैसे सर्वांत अधिक वायां जातात. स्कॉटलंडच्या थंड हवेंत पिंपांतून दरसाल सुमारें २ टक्के द्रव उडून जातो. गोव्यांत कुंकळ्ळी येथें ‘पॉल जॉन’ ही माल्ट व्हिस्की होते. ती २०१२ सालीं प्रथम लंडनमध्यें बाजारांत आली. तेथें ही घट ८ टक्क्यांच्या आसपास धरतात. हिशेब करून पाहावा: दहा वर्षांनीं १०० लिटरांचे तिकडे सुमारें ८२ उरतात, इकडे ४३. शिवाय उष्णतेनें लाकडाचा अंशही लवकर उतरतो. म्हणून आपल्या देशांतील पांच-सहा वर्षांच्या मालाला पोरका समजूं नये, आणि उष्ण प्रदेशांतील फार जुन्या मालाविषयीं आधीं शंकाच घ्यावी. लाकूड वरचढ झालें कीं बाभळीच्या सालीसारखा तुरटपणा जिभेवर बसतो.

रंगावरही भिस्त नको. हळकुंडाचा आंतला रंग खरा असतो. व्हिस्कीला कॅरॅमेलचा रंग देण्यास स्कॉटलंडचा कायदाही मोकळीक देतो.

पेला तळाशीं फुगीर व तोंडाशीं निमुळता असावा, त्यांत दोन चमचे माल पुरे. नाक एकदम आंत खुपसूं नये. तोंड किंचित् उघडें ठेवून हळूहळू जवळ न्यावें. हिंगोलीकडील वैशाखांतल्या दुपारीं मद्यार्काची वाफच नाकाला झोंबते, तेव्हां हें काम सकाळीं, जेवणापूर्वीं करावें. बर्फानें वास मिटतो, तो टाळावा. पाणी मात्र थेंब थेंब अवश्य घालावें, पण विहिरीचें खारट-जड पाणी नको. भट्टींतील पारखी तर माल पाण्यानें २० टक्क्यांपर्यंत उतरवून हुंगतात; दिवसाकांठीं अनेक नमुने पाहावयाचे असल्यानें ते बहुधा पीत नाहींत, घेतलेला घोटही थुंकतात.

काय शोधावें? विलायती पुस्तकांतील फळांचीं नांवें घोकण्यापेक्षां घरचे वास आठवावे: काकवी, भाजलेले फुटाणे, जायफळ, सुकें खोबरें. खोबऱ्याचा व व्हॅनिलाचा वास अमेरिकन ओकमधून येतो. धुराचा वास, सातू पीटच्या धुरावर वाळविला असल्यास. ओला पुठ्ठा, साबण वा जळलेली आगकाडी आठवली तर तो दोष समजावा. घोट जिभेवर क्षणभर फिरवावा, आणि गिळल्यावर चव किती वेळ टिकते व शेवटीं कडवट होते काय, हें पाहावें.

रिकामा पेला न धुतां ठेवावा व दुसऱ्या दिवशीं हुंगावा. मद्यार्क तोंवर उडालेला असतो. मागें धान्याचा आणि लाकडाचा जो वास राहतो त्यांत रंगाची वा वयाची बढाई चालत नाहीं.